बारा इंच

पृथ्वीचा गोल मी लक्ष्मीपुरीतून आणला,
रविवारच्या बाजारात, भंगाराच्या गाड्यावरून, ऐंशी रुपयांना.
त्यावर रशिया अजून अखंड आहे
आणि कोल्हापूर नाहीच.
गोव्याच्या जरा वर मी खडूने टिंब दिलं.
शिंप्याचा खडू, हात लागला की पुसतो.
रोज देतो.

गळ्यातला टेप काढून
शून्य धरलं उजळाईवाडीच्या धावपट्टीवर
आणि ओढत नेला टोरांटोपर्यंत.

भिंतीवरच्या नकाशात वाट सरळ होती:
अरबस्तान, भूमध्य समुद्र, मग पाणीच पाणी.
गोलावर टेप तिकडून बसेना. चुण्या पडल्या.
सैल सोडला तसा आपणहून वर सरकला,
काबूलच्या अंगाने, रशियाच्या डोक्यावरून, बर्फावर.
घाटगेसाहेब पँट न्यायला आले होते.
"हावळ, टेप वाकडा लागलाय तुमचा."
म्हटलं, साहेब, खांद्यावर कापड बसवून बघा कधी.
पाटावर जी रेघ वाकडी दिसते
तीच अंगावर सरळ पडते.

बारा इंच भरलं.
अर्ध्या बाहीपेक्षा दोन जास्त.

उत्कर्षा फोनवर हसली.
बारा हजार आठशे किलोमीटर, पप्पा,
पण असं सरळ कोण जातंय?
आधी पंख्याचं विमान मुंबईला,
मग खुर्चीत सहा तास, मग दिल्ली, पुन्हा खुर्ची,
मग एकदाचं मोठं विमान.
जाताना सोळा तास. येताना चौदा.

वाट तीच, मग दोन तास कुठे गेले?
वारं, म्हणाली. वर पश्चिमेचं वारं असतं,
येताना पाठीला लागतं.
कापड आटतं ते मला ठाऊक आहे,
पहिल्या धुण्यातली घट आम्ही धरूनच चालतो.
पण जायला लांब आणि यायला आखूड
असं सूत हाताखालून गेलं नव्हतं.
यायला एवढं आखूड
आणि तीन वर्षं झाली.

संध्याकाळी शाहूपुरीवरून विमान जातं.
मालन दोरीवरचे कपडे काढता काढता वर बघते.
"आपलं न्हवं ते," म्हणते,
आणि चिमटे मोजते.

मैत्रिणीच्या लग्नासाठी तिला ब्लाउज हवाय.
माप जुनंच धरा, म्हणाली.
वहीत सापडलं: छाती बत्तीस, बाही दहा,
शेजारी तिनेच काढलेलं मांजर.
फोनच्या काचेत माणूस गळ्यापर्यंतच येतं.
खांदा किती उतरलाय, अंग भरलं की झडलं,
ते दिसत नाही. विचारलंही नाही.
जुन्या मापावर कापलं
आणि आतल्या शिलाईत दोन्ही बाजूंना
दोन दोन बोटं माया सोडली.
उसवून घेईल तिकडे कुणाकडून.

कुरियरवाल्याने काट्यावर ठेवलं.
दोनशे दहा ग्रॅम.
नऊ दिवस लागतील, म्हणाला.
विमान सोळा तासांत जातं, मी म्हटलं.
त्याने पावती फाडली.