एकशे सतरावी ओळ

ऑगस्टात दुपारी चारला रुवीचे डोंगर
तव्यासारखे तापून उभे असतात चारी बाजूंनी
आणि मुलं पडद्यांआड, निळ्या उजेडात.
माझ्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न :
रोज घराबाहेर किती वेळ खेळतोस?
एका मुलीनं विचारलं,
"लिफ्ट धरायची का?"

मी धरली. 'इतर' या रकान्यात.

दोनशे बारा मुलं, आठ ते दहा वर्षांची.
कंबरेभोवती टेप फिरवायला लागलं
की श्वास आत ओढून घेतात,
कुणी शिकवलं कोण जाणे.
सोड रे बाळा, म्हणते मी, सोड श्वास.
हवा नाही मोजायची मला.

माझ्या भाषेत यांना गुटगुटीत म्हणतात.
गालाला तीट लावून आईनं
मलाही बसवलं होतं नगरपालिकेच्या स्पर्धेत.
संगमनेर, दुसरा क्रमांक,
स्टीलची वाटी, तळाला ठोकून काढलेलं नाव.
त्या वाटीत मी इथं रोज रात्री दही लावते
आणि सकाळी दवाखान्यात येऊन लिहिते :
जोखीम, गट 'ब'.
समोर कुणाची तरी आई बसलेली असते,
पदराऐवजी अबायाचं टोक बोटाला गुंडाळत.

मुहन्नदची आई बँकेतून तडक आली होती.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"त्याचा दोष नाही, दकतूरा.
मला घरी पोचायला सात वाजतात. फोनवरून मागवते.
पराठा, आत चीज, वर चिप्सचा चुरा.
उपाशी तर नाही ना ठेवलं?"
मी मान हलवली.
हे शेवटचं वाक्य मला मराठीत तोंडपाठ होतं.

मग पावलं मोजायची यंत्रं वाटली.
मनगटाला बांधायची, चौदा दिवस.
जितकी जास्त तितकं छान, मी सांगितलं.
आकडे आले : दोन हजार, अडीच, एकोणीसशे.
सोफा ते फ्रिज. गाडी ते वर्ग.
आणि ओळ एकशे सतरा, मुहन्नद अल-बलुशी,
रोजची तेवीस हजार चारशे.

आमचा आकडेशास्त्री म्हणाला,
यंत्र बिघडलंय, उडवा ती ओळ.

यंत्र ठणठणीत होतं.
शम्नादच्या मनगटावर होतं,
खालच्या बकाल्यातला, वडकराकडचा पोरगा,
लबनचे डबे, पाण्याचे कॅन, सिगारेटी आणि हो, पराठेसुद्धा
घेऊन जिन्यानं वर, जिन्यानं खाली.
सामानाला लिफ्ट नाही त्या इमारतीत.

का दिलंस? मी विचारलं.
मुहन्नद बुटाच्या टोकाकडे बघत राहिला.
"मला जास्त जमत नाहीत. त्याला जमतात."
मग जरा वेळानं,
"रात्री दुकान बंद केल्यावर तो आकडा बघतो.
त्याची कुणी आधी मोजलीच नव्हती."

ओळ उडवली.
निबंध छापून आला, मुलं दोनशे अकरा,
आलेख सुबक, निष्कर्ष सावध.
तळटीपेत लिहिलं : एक नोंद ग्राह्य धरलेली नाही.
हे वाक्य टाइप करून
मी बराच वेळ दिवा लावला नाही.

हिवाळ्यात मुहन्नद पुन्हा तपासणीला आला.
वजन तीनशे ग्रॅम वाढलेलं. उंचीही, थोडी.
टेप लावला तर श्वास ओढायचा विसरला,
सांगण्यात गुंतला होता :
पाचव्या मजल्यावर पोपट आहे,
चौथ्यावरची आजी खजूर देते, पण दोनच,
मगरीबनंतर तो शम्नादबरोबर चढतो,
तिसऱ्यापर्यंत दमतो, मग पायरीवर बसून
उरलेल्या पिशव्या राखतो.
"हे चालतं का, दकतूरा? बसलेलं?"

नवी प्रश्नावली छपाईला गेली आहे.
सातव्या प्रश्नाखाली मी एक पर्याय वाढवलाय : जिना.
आणि त्याच्या शेजारी, कुणाला न विचारता,
एक रिकामी रेघ :
कुणासोबत?