दोन इंच उजवीकडे

वखारीतून आला तेव्हा तो खांब नव्हता,
किंजळाच्या तीन फळ्या होत्या, मध्ये ठोकळे,
आणि उद्यमनगरातले बारा बोल्ट,
अजून ऑइलचा वास असलेले.
दस्तगीर मिस्त्रींनी पान्याचा शेवटचा अर्धा फेरा दिला,
म्हणाले, "झालं. आता हे तिघं एक.
निदान आपण तसं समजायचं."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मशीन चालवतो.
एकवीस वर्षं वस्तू मोडायचा पगार घेतो.
कोल्हापुरात जे उभं राहणार
त्याचा तुकडा आधी माझ्याकडे येऊन मोडतो.

चौगुले मॅडमनी गुण्या लावून
तिन्ही फळ्यांच्या कडांवरून आडव्या रेघा मारल्या,
वर एक, खाली एक, मध्ये एक.
मग म्हणाल्या, "भार मधोमध नको.
दोन इंच उजवीकडे घ्या."
मिस्त्री हसले.
"बराबर हाय. मधोमध वझं ठेवतंय कोण?"

चार टनांपर्यंत काहीच नाही.
सहाला बोल्टांपाशी बारीक करकर.
नऊला त्यानं डावीकडे पोट काढलं,
जेवण झाल्यावर माणूस मागं रेलतो, तितक्या सावकाश.
साडेदहाला काटा मागे फिरला.

मोडला नाही.
मोडणं वेगळं, त्याचा आवाज मला ओळखीचा आहे.
हा फक्त घ्यायचा थांबला.

काढून आडवा ठेवला, रेघा पाहिल्या.
वरची तुटलेली, तीन पायऱ्या झालेल्या,
पत्त्यांचा कॅट वाकवला की कडा सरकते तशी.
खालचीही तशीच.
पण मधली,
जिथं तो सगळ्यात जास्त वाकला तिथली,
अखंड.
"गणितात असंच येतं," मॅडम म्हणाल्या
आणि लिहून घेतलं.
मिस्त्री त्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिले.
फळ्या वाहून त्यांचा उजवा खांदा
डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आहे.
ते मला त्या दिवशी दिसलं.

अहवालात आलं: अखंड लाकडाच्या मानाने बासष्ट टक्के.
ठोकळे वाढवावेत. बोल्ट वाढवावेत.

खांब आता गेटबाहेर,
शेवंता कांबळ्यांच्या चहाच्या गाड्याची ताडपत्री धरून,
डावीकडे पोट काढून उभा.
दुधाची किटली अडकवायला मिस्त्रींनी खिळा ठोकून दिलाय,
मुद्दाम डावीकडे.
"किटलीनं काय सरळ हुतोय व्हय तो?" मी म्हटलं.
"न्हाई हुईना," ते म्हणाले,
आणि चहाचा कप
दुसऱ्या हातात घेतला.