किरिगुआ

वाट केळीच्या बागांतून.
घडांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या,
आणि एकदम पुढ्यात, गवती छपराखाली,
चार पुरुष उंच दगडी राजा.

मी वही काढतो. सनावळ्या मला पाठ,
कोणत्या साली कुणी कुणाचं शिर उतरवलं, सगळं.

रखवालदार बेर्नाबे चोक
दात घासायच्या जुन्या ब्रशने
एका चिन्हावरचं शेवाळ काढतोय.
शंखासारखं काहीतरी.
“शून्य,” म्हणतो.
“आमच्याकडेही होतं,” मी, जरा ताठ्यात.
“मग ते कोण घासतं?”

वही चाळली. उगाच.

दुपारी मक्याची भाकरी मोडून
निम्मी त्याने माझ्या हातावर ठेवली.
मीठ जास्त होतं.
राजाच्या सावलीत बसलो दोघं,
सावली सरकली तसे
सरकत राहिलो.