पासंग

बाबांच्या नावाचं लायसन बाबांबरोबर गेलं.
दुकान राहिलं, निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात,
पितळी वजनं राहिली
आणि माझा हा उजवा हात, ज्याला
दांडीचा कल नुसतं बोट लावून कळतो.

कचेरीत विचारलं, अनुभवाचा दाखला?
म्हटलं, आठवीपासून काटे दुरुस्त करतेय.
कुणाकडे?
बाबांकडे.
त्यांचं पत्र?
एका ताटात जेवणारी माणसं
एकमेकांना पत्रं कशाला लिहितील, साहेब?

अर्ज कन्नडात होता, त्याचं काही नाही,
कन्नड मला बाजारानं शिकवलंय.
‘स्वल्प तडी’ म्हणजे थोडं थांबा,
म्हणजे पाच महिने.

तोवर गावात लायसनवाले तिघंच.
भाजीवाली मालूताई काटा घेऊन फिरली.
हत्तरकींकडे साडेपाचशे.
चौगुल्यांकडे साडेपाचशे.
तिसऱ्याचं दुकान बंद होतं,
शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, साडेपाचशे.

कागलचा कारागीर दोनशेत करतो.
पण कोगनोळी नाक्याच्या पलीकडे त्याचा हात शहाणा,
अलीकडे आला की गुन्हेगार.
मालूताई म्हणाली, माझ्या मेथीला
कुठं कळतंय नाका?

नियम मला कळतो हो.
मापात खोट निघाली तर
कुणाची तरी मान धरता आली पाहिजे.
पण मग हात तपासा ना माझा.
बिघडवून द्या एखादा काटा मुद्दाम,
कागद काय तपासताय?

शेवटी हुक्केरीहून बदलून आलेल्या मॅडमनी
कुठलंसं नवं परिपत्रक काढलं ड्रॉवरमधून
आणि टेबलावर तीन काटे मांडले.
पहिल्याची सुरी झिजलेली.
दुसऱ्याच्या पारड्याखाली मेण.
तिसऱ्याशी मी तासभर बसले. घाम फुटला.
मग म्हटलं, ह्याला काही झालेलं नाही,
हा तुम्ही मला फसवायला ठेवलाय.
मॅडम हसल्या नाहीत. सही केली.

लायसन भिंतीवर लावलं त्याच दिवशी
गुरुसिद्ध हत्तरकी आले, कुंद्याचा डबा घेऊन.
बसले. वखारीकडे बघत म्हणाले,
आता तू आमच्यातली झालीस, पोरी.
दर ठाऊक आहे न्हवं?
मी गप्प.
ते म्हणाले, असं काय बघतेस?
बैठकीची वही कोण लिहीत होतं वाटतं तुला?
तुझे बाबाच.
अक्षर बघायचंय?

अक्षर मला बघायचं नव्हतं.
बाबांचा ‘साडे’ कसा वळतो मला माहीत आहे.

सवयीनं डबा तराजूत ठेवला,
रिकामं पारडं वर गेलं, हललं,
हलत राहिलं.
काय शोधतेस गं, त्यांनी विचारलं.

खडू, म्हटलं.
बाहेरच्या फळीवर दर लिहायचाय.
चहा घेऊन जा, काका.