चौतीस

मोबाईल तिनं काउंटरवर पालथा ठेवला,
फुटलेली काच मला लगेच दिसू नये म्हणून.
"निकेश, बाग गेली रे मायी."

मला कळेना, कोणती बाग?
गुंफाबाई युवनातेच्या नावावर झाड नाही, बांधही नाही.
शेंदुरजना घाटच्या नर्सरीत ती डोळे बांधते.
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा:
चाकूचा काप एक उभा, एक आडवा,
साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा,
पन्नी गुंडाळायची. पुढचा खुंट.
शेकड्यानं पैसे. दिवसभर वाकून.

"नर्सरीतली नाई बापा. याच्यातली."

चौतीस लेवल होती तिची.
चार्जर घ्यायला आलेलं पोरगं हसलं,
मग गप झालं. त्याची एकोणीस.

विहिरीवर लाकडी छप्पर होतं म्हणे,
कोंबड्या निळ्या,
आणि शेजारी कुणीतरी, कोणत्या मुलखातलं देव जाणे,
रोज तिच्या गाजरांना पाणी घालून जायचं.
परवाच गेमनं तिला संत्र्याचं झाड दिलं होतं.
चौतिसाव्या लेवलला. तोवर कुलूप.

"मग आठ महिने काय लावलं?"
"गाजरं. भोपये. एक जांभयं फूल, त्याचं नाव नाई समजलं.
संत्र्यावर बोट ठेवलं का कुलूप हाले नुसतं.
जसं काई म्हने, तुले येत नाई अजून."

अकरा वर्षांची होती ती पहिला डोळा बांधला तेव्हा.
मी मनात गुणाकार मांडला,
दिवसाला सातशे, हंगामाचे दिवस, एवढी वर्षं...
माझे ओठ हलताना तिला दिसले असावेत.
"मोजू नोको. वायले तेई हायेत त्याच्यात."

फोन पाण्याच्या ड्रमात पडला होता. बोर्ड काळा.
"खातं जोडलं होतं का कुठं?"
"खातं तं पोस्टात हाये."

जुन्यातला एक फोन काढला, हप्त्यानं.
तिचा अंगठा लावला, नाही.
पुसून लावला, नाही. दुसरा लावला.
रेघाच उरल्या नव्हत्या, फोन तरी काय ओळखणार.
"नक्षी ठेवा मग. ठिपके जोडा, लक्षात राहील असे."
तिनं विचारच केला नाही.
खालून वर एक उभी रेघ,
माथ्यावर एक आडवी.

गेम उतरायला वीस मिनिटं.
मग पडद्यावर पांढरा हात आला.
इथं दाबा, वाफा खणा.
इथं दाबा, बी टाका.
इथं दाबा, पाणी द्या.
गुंफाबाई दाबत गेली.
मलाच ओशाळल्यासारखं झालं,
कोपऱ्यातलं 'वगळा' दाबायला मी बोट पुढं केलं,
तिनं ते बाजूला सारलं.
"शिकवू दे त्याले.
नवीन पोरी येतात नर्सरीत, मी सांगत असतो,
अन् मंधात कोनी बोट घातलं का मले लय राग येते."

दहा सेकंदात गाजर.
अधिक पाच, अधिक पाच,
हिरवे आकडे वर तरंगत गेले आणि विरले.
टुणकन आवाज. लेवल दोन.
पडद्यावर कागदाच्या चकत्या उधळल्या,
चार्जरवाल्या पोरानं टाळी वाजवली.

"खालच्या लेवलले लवकर येते सारं," ती म्हणाली.
"वरतं गेलं का मंग एका भोपयाले आठ घंटे."
खऱ्या संत्र्याला पाच वर्षं, मी म्हणालो.
"हाव. पन ते कोनाच्या वावरात गेलं असते तवरी.
गोड निंघालं का आंबट, कोन सांगाले येते?"

दीडशे रुपये पदरातून मोजून दिले,
फोन कमरेला खोचला,
पायरी उतरली, परत चढली.

"निकेश, तो जो पानी घालून जाये ना,
त्याले कसं समजन,
मी आता इकडे हाव म्हनून?"