परातीची मधली जागा

कायारच्या किनाऱ्यावर तिचं नाव आराम.
आमच्या भाषेत याचा अर्थ विसावा, असं मी सांगितलं
तेव्हा खवल्यांनी माखलेले हात कमरेवर ठेवून
ती इतकी हसली
की शेजारच्या बायांच्या सुऱ्या थांबल्या.
चाळीस वर्षं मासे कापते, खारवते, धुरी देते.
आराम, म्हणे!

आज तिच्या नातीचं बारसं.
सकाळी बाजरीची खीर वाटून झाली.
दुपारी भात, लालसर, चिंच पिळलेला,
आणि भातावर चोफ.
चोफ नसला तर व्याही तोंडावर काही बोलणार नाहीत,
आयुष्यभर बोलतील.

चोफ म्हणजे आपल्या हेकरूचा चुलतभाऊ.
वोलोफमध्ये देखण्या, खिसा गरम असलेल्या पुरुषालाही
चोफच म्हणतात.
पोरी अजून म्हणतात, करीन तर चोफशीच.
शब्द राहिलाय गावात.
मासा बर्फात बसून विमानाने जातो.

मागेत, मधला मुलगा, दोन रात्री बाहेर होता.
त्याचा बाप मशिदीचा दिवा दिसेल तिथवरच जायचा
आणि न्याहारीला परत.
मागेत जातो तिथे परक्या जहाजांचे दिवे,
जणू एखादं शहर पाण्यावर मुक्कामाला आलंय.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
ही जहाजं पाण्यात राहत नाहीत,
नुसती येतात.

त्याने टोपलीवरचं ओलं पोतं काढलं.
एकच. मनगटापासून कोपरापर्यंतही न पुरणारा.
"हा काय आणलास?"
"एवढाच होता."
"हा नाही," आराम म्हणाली, "ही."

चोफ जन्माला येतो तो मादी होऊन.
अंडी घालते, वर्षं काढते,
अंगाने चांगली थोराड झाली
की मग कुठे नर होते.
हे तिला शाळेने शिकवलं नाही.
मोठाल्या चोफांच्या पोटात
गाभोळी कधी लागली नाही हाताला,
हातांनीच ते ध्यानात ठेवलं.
आता मोठाले येतच नाहीत.
खाली त्या सगळ्या बायकाच उरल्या असतील,
पुरुष व्हायच्या आधीच पकडल्या जाणाऱ्या.

तिने जाळं ओढलं, त्याच्या डोळ्यात बोटं घातली.
दोन जेमतेम गेली.
"हे बदल."
"शेजारचे बदलणार आहेत?"
यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.
मेलेली परत पोहणार नाही,
म्हणून तिचं पातळ कालवण बाळंतिणीला गेलं,
आणि आराम डोक्याला फडकं बांधून बाजारात.

तिथे कारखान्याचा ट्रक उभा, तारल्यांवर नजर ठेवून.
तारल्यांचं पीठ करतात,
त्या पिठावर लांबच्या देशांत दुसरे मासे पोसतात.
माशाला मासा चारून माशाचा धंदा!
तिने दोन पाट्या ट्रकच्या तोंडातून काढल्या,
भाव त्याच्याहून चढा देऊन, वर शिव्याही देऊन.
तारली तरी किती दिवस पुरेल, तिला ठाऊक नाही.
पण ही निदान
ज्या पाण्यातून आली
त्या पाण्याकाठच्या पोटात जाईल.

परात आली.
कडेकडेने तारल्या, मग कोबी, वांगी, रताळ्यासारखा कसावा.
मधोमध, जिथून यजमानीण
चोफ मोडून पाहुण्यांकडे सरकवते,
तिथे नुसता भात.
एका हाताएवढी जागा, सपाट केलेली.

म्हाताऱ्या व्याह्याने बोटं तिथवर नेली,
मागे घेतली.
"चोफ कुठाय?"
"ती अजून बाई आहे," आराम म्हणाली.
"पुरुष व्हायला जरा सवड द्या, पाव्हणं."

आधी बाया हसल्या.
मग कुणीतरी पुरुष, मग ठसका.
व्याह्याने एक तारली उचलली,
काटा जिभेने वेगळा केला,
कडेला नीट ठेवला.
आयुष्यभर तो बोलणार होताच.
आता काय बोलायचं
हे तरी तिने ठरवून दिलं.