चौतिसावं मिनिट

तिबिलिसीहून चार तास, मिनीबसने.
सिनेमातला तो दवाखाना कुठे, विचारलं
तर गुराम हसला. पुठ्ठ्याचा होता, म्हणाला,
त्याच हिवाळ्यात शेगडीत गेला. छान पेटला.

वळण मात्र तेच.
नायिका जिथून मागे न बघता गेली
तिथे आता पंक्चरचं दुकान,
दाराशी द्राक्षरसात बुडवून
दोऱ्याला टांगलेले अक्रोड.
मी फोटो काढला. कशाचा, सांगता येणार नाही.

नाझिब्रोलाबाईंनी घरात बोलावलं.
"बसा. चौतिसावं मिनिट."
पडद्यावर रस्ता, ओलाचिंब.
(नळीने भिजवलेला. त्या वर्षी कोरडंच होतं.)
नायक धावतो. बाईंचं त्याच्याकडे लक्ष नाही.
काचेवर बोट टेकवतात: इथे.
डावीकडे, वर, एक खिडकी किलकिली होते,
रुमाल बांधलेलं डोकं
बाहेर डोकावतं
आणि आत जातं.

"सगळ्या गावाला ताकीद होती, खिडक्या बंद.
आई कुणाच्या बापाचं ऐकायची नाही."
घरात तिचा दुसरा फोटो नाही.

बाई मागे नेतात.
नायक उलटा पळतो, शिंतोडे
त्याच्या बुटांखाली परत जातात.
खिडकी उघडते. मिटते.

खाली गुराम भोंगा वाजवतोय.
अजून एकदा, म्हणते मी,
आणि या खेपेला
नायक कुठून कुठे पळाला
मलाही दिसत नाही.